पोपटाची धाप उन्हाची की आजाराची?

मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांकडे सरकला, की पिंजऱ्यातला पोपटही चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकू लागतो. पक्ष्यांना घाम येत नाही. शरीरातली उष्णता ते अशीच बाहेर टाकतात. गारव्याला नेऊन पाणी ठेवले की थोड्याच वेळात चोच मिटते. मिटली नाही, तर उन्हाला दोष देत बसू नये.

शांत बसलेल्या पोपटाची शेपटी प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली होत असेल, श्वासात घरघर असेल, आवाज बदलला असेल किंवा तो पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. पक्षी आजार लपवतात. लक्षण आपल्याला दिसते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

वऱ्हाडात संशय घ्यावा असा एक घटक घरातच असतो, तो म्हणजे कूलर. त्यातल्या कुजलेल्या गवतावर बुरशी वाढते. अॅस्परजिलस बुरशीचे कण हवेतून पोपटाच्या फुप्फुसांत आणि त्याला जोडलेल्या हवेच्या पिशव्यांत शिरले, की तिथे संसर्ग होऊ शकतो. हंगामाच्या सुरुवातीला गवत बदलावे आणि पिंजरा कूलरच्या झोतात ठेवू नये. दमट, बुरसटलेले शेंगदाणेही देऊ नयेत. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पोपटाला ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडते, त्यामुळे श्वसनमार्गाचे संसर्ग लवकर जडतात. रिकामा नॉनस्टिक तवा जास्त तापला, तर त्याच्या वाफेने पोपट काही मिनिटांत दगावू शकतो.

धाप लागलेल्या पोपटाला मुठीत आवळून धरू नये. त्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते; छाती हलली तरच श्वास चालतो. चोचीत पाणी ओतणे किंवा घरातली माणसांची औषधे देणेही धोक्याचे. भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून, शक्यतो ऊन टाळून न्यावे. पक्षी तपासतात का, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारलेले बरे. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. अमरावतीहून ती शंभरेक किलोमीटर पडते.

देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. त्या भीतीने अनेक जण उपचारच टाळतात, आणि त्यात जीव जातो तो पोपटाचा.

पोपटापासून माणसालाही सिटॅकोसिस हा जिवाणूजन्य आजार होऊ शकतो. घरात कुणाला ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला असेल, तर घरी पोपट आहे हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.