पॉलिएस्टरवरचं एन्झाइम: बदल वरच्या थरापुरताच

काशीमीरा नाक्यावरून घोडबंदर रस्ता धरला की ठाण्यापलीकडे भिवंडी लागते. यंत्रमाग, प्रोसेस हाऊस, शिलाईचे गाळे असलेल्या या पट्ट्यात ‘एन्झाइम वॉश’ हे नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. गोंधळही तिथूनच सुरू होतो. जीन्सला किंवा सुती टी-शर्टला देतात ते एन्झाइम म्हणजे सेल्युलेज. कापूस, व्हिस्कोस, लिनन यांतलं सेल्युलोज तेवढं ते कापतं. पॉलिएस्टरला हातही लावत नाही. म्हणून पॉलिएस्टर-कॉटन मिश्र टी-शर्ट बायोपॉलिश केला, म्हणजे सेल्युलेजने वरची लव काढली, तरी त्यावर पुढे गोळे येतात. सुताची लव गेलेली असते, पण पॉलिएस्टरचे चिवट तंतू तुटत नाहीत आणि गोळ्यांना धरून ठेवतात. दोष वॉशिंगवाल्याचा नसतो.

यावरून पॉलिएस्टरवर कुठलंच एन्झाइम चालत नाही, असं काही जण ठरवून टाकतात. तेही खरं नाही. आंब्याच्या पानावरच्या चकचकीत थरात क्युटिन असतं आणि रसायनशास्त्राच्या हिशेबाने ते पॉलिएस्टरच. पानात शिरणाऱ्या काही बुरशा ते फोडायला क्युटिनेज सोडतात. हेच क्युटिनेज कारखान्यातल्या पॉलिएस्टरचे एस्टर बंधही तोडतं. तुटल्या जागी हायड्रॉक्सिल आणि कार्बॉक्सिल गट उघडे पडतात, आणि त्यांना पाण्याची ओढ असते.

फरक पाहायला पाण्याचा एक थेंब पुरतो. साध्या पॉलिएस्टरवर तो मण्यासारखा उभा राहतो, प्रक्रिया केलेल्यावर पसरतो. मात्र इथे फसगत होऊ शकते. एन्झाइम हे प्रथिन आहे. ते नुसतं धाग्याला चिकटून राहिलं तरी थेंब पसरतो. कापड नीट धुऊन, चिकटलेलं प्रथिन काढून मगच पाहिलं तर तो निकाल खरा.

‘मग कापड कॉटनसारखं होतं का?’ नाही. नेहमीच्या हवेत कापूस वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर ०.४ टक्के. एन्झाइमचा रेणू काही नॅनोमीटरचा, घट्ट बसलेल्या साखळ्यांच्या आत तो शिरूच शकत नाही. घाम पृष्ठभागावर पसरतो आणि लवकर वाळतो, आत मुरत नाही. एन्झाइम आत शिरत नाही म्हणूनच धाग्याची ताकदही टिकते. याउलट गिरण्यांत पॉलिएस्टरवर वापरला जाणारा कॉस्टिक सोडा थरामागून थर खात जातो, धागा बारीक होतो आणि कापडाला रेशमी झोक येतो. तो झोकच हवा असेल तर क्युटिनेज कॉस्टिकची जागा घेणार नाही.

शर्ट विरघळेल ही भीतीही अनाठायी. २०१६ मध्ये जपानमधल्या साकाईत सापडलेल्या, पीईटी (म्हणजे कापडातलं हेच पॉलिएस्टर) खाणाऱ्या जिवाणूची बातमी गाजली. २०२० मध्ये सुधारित क्युटिनेजने १० तासांत ९० टक्के पीईटी फोडल्याचं प्रसिद्ध झालं, पण ते आधी बारीक करून स्फटिकपणा घालवलेलं प्लास्टिक होतं आणि तापमान ७२ अंश. कापडाचा धागा ताणून काढलेला, बराच स्फटिकी असतो. तिथे हे काम फार हळू चालतं.

पॉलिएस्टर रंगवतात १३० अंशांवर. त्या तापमानात ही एन्झाइमं टिकत नाहीत, म्हणजे वेगळी बाथ, वेगळा वेळ, वाढीव खर्च. गिरण्या कॉस्टिक सोडत नाहीत त्याचं एक मोठं कारण हेच. कुणी ‘पॉलिएस्टरचं एन्झाइम’ म्हणून कॅन पुढे केला तर आधी ते सेल्युलेज आहे की क्युटिनेज हे विचारावं, आणि नमुना वरळीच्या सस्मिरा किंवा घाटकोपरच्या बीटीआरए या वस्त्रसंशोधन संस्थेत तपासून घ्यावा.