वाघोलीच्या खाणीतले निळे स्फटिक

अणूंची एकच मांडणी तिन्ही दिशांना पुनःपुन्हा येत गेली की घन पदार्थाला स्फटिकरूप येते. काच घन असली तरी तिच्या अणूंना अशी शिस्त नसते, म्हणून ती स्फटिक नव्हे. बाहेरचे गुळगुळीत पैलू ही या आतल्या शिस्तीची खूण. नील्स स्टेन्सन यांनी १६६९ मध्ये दाखवून दिले की क्वार्ट्‌झचा खडा लहान असो वा मोठा, त्याच्या ठरावीक पैलूंमधला कोन बदलत नाही. यामागचे अणूंचे कारण क्ष-किरणांनी उघड केले, ते १९१२ नंतर.

स्फटिक वाढायला पुरेसे द्रव्य, मोकळी जागा आणि वेळ लागतो. पुणे-नगर रस्त्यावरच्या वाघोलीत या तिन्हींचा मेळ बसला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्ह्याचे थरावर थर साचले. लाव्ह्यातून सुटणारे वायू वरचा थर गोठल्यामुळे आत अडकले आणि त्यापासून बनलेल्या बेसाल्ट खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे या थरांत झिरपलेल्या गरम पाण्याने बेसाल्टमधली काच आणि खनिजे विरघळवली. सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम, सोडियम पाण्यात उतरले. पाणी निवले किंवा त्याची रासायनिक घडण बदलली की द्रावण अतिसंतृप्त होते आणि पोकळीच्या भिंतीवर सूक्ष्म केंद्रके धरतात. ही सुरुवातच अवघड असते, कारण फार लहान केंद्रक पुन्हा विरघळून जाते. ते तगले, की त्यावर अणूंचे थर चढू लागतात. यात एक गंमत आहे: जो पैलू भराभर वाढतो तो आकसत नाहीसा होतो आणि संथ वाढणारे पैलूच शेवटी डोळ्यांना दिसतात. हे काम एका दमात झालेले नाही. या पोकळ्यांतल्या ॲपोफिलाइट या खनिजाच्या वयमापनावरून, लाव्हा थंड झाल्यानंतर कोट्यवधी वर्षांनीही ते चालू होते असे दिसते.

त्यामुळे एकाच पोकळीत खनिजांची उतरंड सापडते: भिंतीला लागून हिरवट-काळी माती, वर ह्यूलँडाइट, मग गव्हाच्या पेंढीसारखा मधोमध आवळलेला स्टिल्बाइट. दख्खनच्या पोकळ्यांतली ही संपत्ती जगाच्या नजरेत आली ती एकोणिसाव्या शतकात, बोरघाटात रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना. पुण्यालगतच्या पाषाणच्या खाणीने पुढे हिरव्या ॲपोफिलाइटसाठी नाव कमावले. वाघोलीचे नाव मात्र निळ्या रंगाने झाले.

हा निळा म्हणजे कॅव्हन्साइट: कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि पाणी यांचे खनिज. त्याची पहिली नोंद १९७३ मध्ये झाली, तीही अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातील ओवायही धरणाजवळच्या नमुन्यांवरून. तिथले स्फटिक बारीक होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या दगडखाणींतून जे निघाले, त्याने संग्राहकांचे डोळे दिपले: पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले गडद निळे गोळे, काही दोन-तीन सेंटिमीटरांचे. भिंगाखाली गोळा उलगडतो. एका केंद्रकातून चहूकडे फुटलेल्या टोकदार सुया, आणि टोकांवर चमकणारे इवले पैलू. रंग व्हॅनेडियमचा. बेसाल्टमध्ये तो दहा लाखांत दोन-तीनशे भाग एवढाच असतो. विखुरलेला हा धातू मोजक्या पोकळ्यांत असा एकवटावा, हे वाघोलीचे खरे नवल.

त्याहून विरळ आहे पेंटागोनाइट. रासायनिक सूत्र तेच, मांडणी निराळी. दोन्हींत सिलिकेटच्या चतुष्फलकांचे थर आहेत. कॅव्हन्साइटच्या थरांत चार आणि आठ चतुष्फलकांची कडी, पेंटागोनाइटच्या थरांत सहांची. एकाच द्रव्याची अशी दोन रूपे असणे यालाच द्विरूपता म्हणतात. पण पेंटागोनाइटचे जुळे स्फटिक आडवे कापले तर पाच टोकांची चांदणी दिसते, आणि इथे स्फटिकशास्त्राचा नियम आडवा येतो. पुनरावृत्तीने जागा भरायची तर पंचकोन चालत नाही: त्याचा कोन १०८ अंश, तीन पंचकोन एका बिंदूभोवती ठेवले की ३६ अंशांची फट उरते. मग ही चांदणी कशी? एकेक स्फटिक नियम पाळतोच. तो समचतुर्भुजी प्रणालीचा आहे. ज्या पैलूंवर जुळी जोडली जातात त्यांच्यातला कोन ७२ अंशांच्या अगदी जवळ असल्याने एका अक्षाभोवती पाच स्फटिक जवळजवळ नेमके बसतात. पंचरूप दिसते ते जोडणीमुळे. अणूंच्या मांडणीत ते नाही. हा नियम खरोखर ओलांडणारे अर्धस्फटिक डॅन शेख्टमन यांना १९८२ मध्ये प्रयोगशाळेतल्या मिश्रधातूत आढळले.

वाघोलीच्या खाणी स्फटिकांसाठी खोदलेल्या नाहीत. सुरुंग लावायचा, दगड फोडायचा, क्रशरमध्ये खडी करायची आणि ती पुण्याच्या बांधकामांना पुरवायची, हा तिथला धंदा. पोकळी उघडी पडली आणि कामगाराची नजर तिकडे गेली तर नमुना वाचतो, नाहीतर खडीत जातो. कॅव्हन्साइटची कठिनता मोह्स मापावर जेमतेम ३ ते ४ आणि सुया ठिसूळ, त्यामुळे सुरुंगाच्या हादऱ्यातून अखंड निघालेला गोळा मोलाचा ठरतो.  वाघोलीचे निळे खडे परदेशी संग्रहालयांत जागोजाग आहेत. महाराष्ट्रात दख्खनची ही खनिजे मन भरून पाहायची तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय गाठावे.