शस्त्रावरची सोन्याची वेल : कोफ्तगरीचा जोडव्यवसाय

रणांगणावरून तलवार निवृत्त झाली त्याला फार काळ लोटला. मानचिन्ह म्हणून तिचे स्थान मात्र ढळलेले नाही. महाराष्ट्रात खंडेनवमीस शस्त्रपूजन होते, मराठा कुटुंबांतील विवाहात नवरदेवाच्या हाती लिंबू खोचलेली कट्यार असते, तर राजस्थानात तलवारीवाचून राजपूत वराचा पोशाख पूर्ण होत नाही. शस्त्राचा उपयोग संपला, तरी त्याच्या अलंकरणास मागणी राहिली. या मागणीवर उपजीविका करणारी एक जुनी कला म्हणजे कोफ्तगरी. योग्य हिशेब, कायद्याचे भान आणि बेताचे भांडवल यांची जोड मिळाल्यास लोहार वा सोनारकाम करणाऱ्या कुटुंबास ती आजही चांगला जोडव्यवसाय ठरू शकते.

नाव आणि इतिहास

‘कोफ्त’ या फारसी शब्दाचा अर्थ कुटलेले, ठोकलेले. ताटातील ‘कोफ्ता’ याच कुळातला. पोलादाच्या पृष्ठभागावर सोन्याची वा चांदीची बारीक तार ठोकून बसविणे, ही या कलेची थोडक्यात व्याख्या होय. तलवारीची मूठ, ढाल, कट्यार, चिलखत, इतकेच नव्हे तर तोड्याच्या बंदुकीची नळीही अशा वेलबुट्टीने सजविली जाई.

पंजाबात सियालकोटजवळचे कोटली लोहारां हे या कामाचे नामांकित केंद्र होते. १८४९ मध्ये पंजाब इंग्रजी अमलाखाली गेला आणि शस्त्रांची मागणी ओसरली. तेव्हा तेथील कारागिरांनी त्याच हाताने पेट्या, तबके आणि शोभेच्या वस्तू घडविण्यास प्रारंभ केला. ग्राहक बदलला, वस्तू बदलली, कसब मात्र तेच राहिले. व्यवसाय टिकविण्याचा हा धडा आजही तितकाच उपयुक्त आहे.

स्वातंत्र्योत्तर भारतात मेवाडची जुनी राजधानी उदयपूर हे या कलेचे मुख्य केंद्र राहिले. २०२३ मध्ये ‘उदयपूर कोफ्तगरी धातुकला’ हिला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. शस्त्रांना धार व झिलई देणाऱ्या कारागिरांस उत्तरेत ‘सिकलीगर’ म्हणतात. महाराष्ट्रात हाच शब्द ‘शिकलगार’ या आडनावाच्या रूपाने परिचित आहे.

काम कसे चालते?

प्रथम पोलादी वस्तू घासून स्वच्छ करतात. त्यानंतर बारीक छिन्नीने तिच्यावर एकमेकांस छेदणाऱ्या असंख्य सूक्ष्म रेषा पाडतात. या चिरण्यांमुळे पृष्ठभाग खरखरीत होतो व तार धरून ठेवण्याजोगा बनतो. त्यावर टोकदार सुईने फुले, वेली, शिकारीची दृश्ये वा अक्षरे रेखाटतात. रेखाटनाच्या ओघाने तार वळवीत तिला हलक्या हातोडीने ठोकत जातात. पुढे वस्तू तापवून पुन्हा ठोकतात व अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटतात. तापविल्याने पोलादास निळसर काळी छटा येते आणि त्या पार्श्वभूमीवर सोने उठून दिसते.

याहून खोल काम ‘तहनिशान’ या नावाने ओळखले जाते. त्यात पोलादात खाच कोरून तार आत बसवितात. हे काम अधिक टिकाऊ. परंतु वेळ व श्रम त्यास पुष्कळ लागतात.

खरेदीदारास एक खूण लक्षात ठेवता येईल. अस्सल कोफ्तगरीत जेथे सोने झिजलेले असते, तेथे भिंगाखाली चिरण्यांच्या रेषा दिसतात. नुसत्या मुलाम्याखाली त्या आढळत नाहीत.

कायद्याची लक्ष्मणरेषा

या व्यवसायात उतरणाऱ्याने १९५९ चा शस्त्र अधिनियम समजून घेणे अगत्याचे आहे. बंदूक व दारूगोळा यांची निर्मिती, विक्री, रूपांतर वा दुरुस्ती परवान्याविना करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. म्हणून काडतुसावर नाव कोरून भेट देण्याची हौस भारतात निरुपद्रवी मानता येणार नाही. बंदुकीवरील क्रमांक वा ओळखचिन्ह पुसणे किंवा बदलणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. नक्षीकाम करताना तो अंक चुकून घासला गेला, तरी कारागीर अडचणीत येऊ शकतो. शिवाय पोलाद तापविल्याने त्याच्या कठीणपणात फरक पडतो. चालू स्थितीतील बंदुकीवर असे काम करणे धोक्याचेच.

तलवारी, कट्यारी तसेच नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे यांचाही शस्त्र नियम, २०१६ मध्ये समावेश आहे. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठीच बनविलेले सुरे त्यातून वगळले आहेत. पाती घडविण्यापूर्वी वा विकण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकारी कार्यालयात चौकशी करून लागू असलेला परवाना घ्यावा. नवोदिताने सुटी मूठ, म्यानाच्या तोंडाशी व टोकाशी बसवायची टोपणे, पत्रे फोडण्याची सुरी, डबी, लोलक अशा वस्तूंपासून आरंभ करणे शहाणपणाचे.

खरे मोल हाताचे

या धंद्यातील सर्वांत मोठी चूक हिशेबात होते. कारागीर सोन्याचा भाव तोलून मापून लावतो आणि स्वतःचे दिवस फुकट देतो. उदाहरणादाखल, एका मुठीस धातू व इतर साहित्य मिळून ४,००० रुपये लागले, वीज, कोळसा व हत्यारांची झीज यांचे ६०० रुपये झाले आणि काम बारा दिवस चालले असे समजू. मूठ १०,००० रुपयांस विकली, तर साहित्य वजा जाता ६,००० रुपये सुटले असे वाटते. वस्तुतः हाती राहिले ५,४००, म्हणजे दिवसाला अवघे ४५०. दिवसाची मजुरी ७०० रुपये धरली असती, तर विक्रीची किंमत नफा न मिळविताच १३,००० व्हायला हवी होती. ज्या घरात हा हिशेब मांडला जात नाही, त्या घरातील मुले हे काम शिकण्यास राजी होत नाहीत. कला लोपते ती बहुधा अशा चुकलेल्या किमतींमुळेच.

सोन्याच्या चढउताराची झळ टाळण्यासाठी धातूची रक्कम मागणीबरोबरच आगाऊ घ्यावी. ग्राहकाने स्वतःचे सोने दिल्यास त्याच्यासमक्ष तोलून लेखी पावती द्यावी आणि उरलेली तार परत करताना पुन्हा तोलावी.

कर्जसाहाय्य

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा पारंपरिक व्यवसायांत अस्त्रकार, लोहार आणि सोनार यांचा समावेश आहे. पात्र कारागिरास विनातारण पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळू शकते. परतफेडीची मुदत अनुक्रमे १८ व ३० महिने आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य, तसेच प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन अशी तरतूद आहे. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीस लाभ घेता येतो. शासकीय सेवेतील व्यक्ती व त्यांचे कुटुंबीय पात्र ठरत नाहीत.

पहिल्या टप्प्यातील १ लाखाचा मासिक हप्ता सुमारे ५,८०० रुपये येतो. विक्री मात्र लग्नसराईत व सणासुदीस अधिक होते. म्हणून कर्जाची रक्कम सोन्याच्या साठ्यात अडकवू नये. ती हत्यारे, भट्टी आणि नमुन्याच्या वस्तू यांवर खर्चावी आणि हंगामातील उत्पन्नातून काही हप्त्यांची तजवीज बचत खात्यात करून ठेवावी. खाते नियमित राहिल्यास दुसऱ्या टप्प्याची वाट सुकर होते.

उदयपूरच्या कारागिरांनी भौगोलिक मानांकनाचे ‘अधिकृत वापरकर्ते’ म्हणून नाव नोंदविणेही हिताचे आहे. त्यामुळे मानांकनाचे नाव आपल्या मालास लावण्याचा अधिकार मिळतो आणि नकली मालापासून आपले काम वेगळे दाखविता येते.

पोलादावर सोने टिकते ते आधी पाडलेल्या चिरण्यांच्या बळावर. व्यवसायही तसाच आधी केलेल्या तयारीवर उभा राहतो. परवान्याची चौकशी, मजुरीचा चोख हिशेब आणि हप्त्याची तजवीज ही त्याची पूर्वतयारी होय. इच्छुकांनी आपली कागदपत्रे व कामाचे नमुने घेऊन नजीकच्या शाखेत अवश्य विचारणा करावी.