उचला कोणतीही तीन वाक्यं!

समजा, तुमच्या हातात एक लांबलचक बातमी दिली आणि सांगितलं, हिचा तीन वाक्यांत सारांश लिहा. तुम्ही ती नीट वाचलीत, डोकं खाजवलंत, पेन्सिल चावलीत आणि तीन वाक्यं लिहिलीत. तुमच्या धाकट्या भावाने मात्र बातमी वाचलीच नाही. त्याने डोळे मिटले, कागदावर तीनदा बोट टेकवलं आणि बोट पडलं ती वाक्यं उतरवून काढली. निकाल लागला. तुम्हाला २१.४० गुण आणि भावाला २०.९८!

रडूच येईल की नाही? २०१९ साली एका गाजलेल्या संगणक-प्रोग्रॅमच्या बाबतीत अगदी हेच झालं. ज्यांनी तो बनवला, त्यांनीच हा निकाल आपल्या शोधनिबंधात छापलासुद्धा. मला त्यांचं हे फार आवडलं.

त्या प्रोग्रॅमचं नाव जीपीटी-२. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या ओपनएआयने तो तयार केला. मोठी माणसं आज ज्या चॅटजीपीटीला काहीबाही विचारत बसतात, त्याचा हा पूर्वज. अशा प्रोग्रॅमला भाषा-मॉडेल म्हणतात आणि त्याला खेळ एकच शिकवलेला असतो: पुढचा शब्द ओळख! ‘सूर्य पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला...’ बघा, तुमच्या डोक्यात ‘मावळतो’ आलंसुद्धा. जीपीटी-२ला इंटरनेटवरची सुमारे ८० लाख पानं दिली आणि त्यांवर हाच खेळ खेळायला लावलं. चुकला की आतली आकडेमोड जराशी बदलायची, की पुन्हा ओळख. भाषांतर कसं करतात, सारांश कसा काढतात, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग त्याची परीक्षा कशी घ्यायची? ‘सारांश लिही’ म्हणून हुकूम सोडला, तरी हा पठ्ठ्या त्यापुढे आपले शब्दच जोडत बसणार. म्हणून संशोधकांनी एक युक्ती केली. इंटरनेटवर कुणी भलंमोठं काही लिहिलं की शेवटी ‘टीएल;डीआर’ अशी इंग्रजी अक्षरं टाकायची पद्धत आहे. त्यांचा अर्थ, ‘फार लांब होतं, वाचलं नाही’! आळशी वाचकांसाठी त्यापुढे सगळ्याचं सार एक-दोन ओळींत दिलेलं असतं. संशोधकांनी बातमीच्या खाली नुसती ही अक्षरं लिहिली आणि म्हणाले, आता ओळख पुढचे शब्द. आणि खरोखरच सारांशासारखं काहीतरी बाहेर पडायला लागलं! ती अक्षरं काढून टाकली तेव्हा गुण २१.४० वरून १५.०३ वर घसरले. म्हणजे खूण त्याला कळत होती.

भाषांतरासाठीची युक्ती आणखी सोपी. एक इंग्रजी वाक्य, मग बरोबरचं चिन्ह, मग त्याचं फ्रेंच. अशा काही जोड्या दाखवायच्या. शेवटी नवं इंग्रजी वाक्य आणि बरोबरचं चिन्ह लिहून पुढची जागा मोकळी सोडायची.

इथली गंमत ऐका. अभ्यासाच्या पानांतून इंग्रजी नसलेली पानं त्यांनी मुद्दाम वगळली होती. तरी नंतर शोधलं तर कुठेकुठे चिकटून राहिलेलं फ्रेंच सापडलंच. सगळा अभ्यास ४० गिगाबाइटचा आणि त्यात फ्रेंच जेमतेम १० मेगाबाइट. साधारण चार हजारांत एक हिस्सा! एवढ्याशा उष्ट्या-खरकट्यावर या गड्याने भाषांतर करायला घेतलं.

इंग्रजीतून फ्रेंचमध्ये त्याला मिळाले १०० पैकी ५. एकेक शब्द उचलून त्याच्या जागी दुसऱ्या भाषेतला शब्द ठेवत जायची एक बाळबोध पद्धत आहे, तिलाही याच्यापेक्षा थोडे जास्त मिळाले होते. उलट दिशेने, फ्रेंचमधून इंग्रजीत, मात्र ११.५. सोलापुरातल्या एखाद्या मराठी मुलाला शेजारच्या काकूंचं कन्नड बरंचसं समजतं, पण बोलायची वेळ आली की त्याची त-त-प-प होते ना, तसंच. जी भाषा पक्की, तिच्यात उत्तर द्यायचं असलं की अर्धी लढाई सोपी.

पण हे गुण देतं कोण? तेही यंत्रच! भाषांतर तपासायची एक पद्धत आयबीएमच्या संशोधकांनी २००२ साली मांडली. माणसाने केलेलं भाषांतर शेजारी ठेवायचं आणि यंत्राचे किती शब्द त्याच्याशी जुळतात ते मोजायचं. आधी एकेक शब्द, मग शब्दांच्या जोड्या, मग तीन-तीन, चार-चार. यात लबाडी करणं सोपं आहे. बरोबर उत्तर ‘मांजर ओट्यावर बसून दूध पितंय’ असेल आणि यंत्राने ‘मांजर मांजर मांजर मांजर’ लिहिलं तर? प्रत्येक शब्द जुळला की! म्हणून नियम असा, की उत्तरात ‘मांजर’ एकदाच असेल तर गुणही एकदाच. मग नुसतंच ‘मांजर’ लिहून पळ काढला तर? उत्तर तोकडं असेल तर गुण कापायचे. सारांश तपासायला २००४ मध्ये चिन-यू लिन यांनी याच घराण्यातली पद्धत आणली.

एक चोरवाट तरीही उरते. खऱ्या बातमीत दोन गाड्यांची टक्कर झाली आणि सारांशात तीन गाड्या आल्या, तर मोजणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने चुकला फक्त एक शब्द. बाकी सगळे जुळले, छान! जीपीटी-२ नेमका असाच घोटाळा करत होता. अपघातात गाड्या किती होत्या, चित्र टोपीवर होतं की शर्टावर, यात त्याची गल्लत व्हायची. शिवाय बातमीच्या शेवटी-शेवटी जे आलं, तेच त्याला जास्त आठवायचं. पुढच्याच वर्षी आलेल्या जीपीटी-३ने, थोडे नमुने दाखवल्यावर, फ्रेंचमधून इंग्रजीत ३९ च्या आसपास गुण मिळवले. तेव्हा पूर्वजाला फार हसू नका.

ही परीक्षा घरीही घेता येते. वर्तमानपत्रातली एक लांब बातमी निवडा आणि मोठ्यांच्या मदतीने एखाद्या भाषा-मॉडेलकडून तिचा तीन वाक्यांत सारांश करून घ्या. मग त्याच्याशी झुंजायला दोन ढ भिडू उभे करा. पहिला भिडू: बातमीतल्या वाक्यांच्या चिठ्ठ्या करून त्यांतल्या कुठल्याही तीन उचला. दुसरा: सरळ पहिली तीन वाक्यं घ्या. या दुसऱ्याला कमी लेखू नका हं! त्या २०१९च्या परीक्षेत त्याला ३१ च्या वर गुण पडले होते. बातमीदार महत्त्वाचं ते आधीच सांगून टाकतात, म्हणून त्याचं फावतं.

तीन सारांशांवर नावं न घालता ते बातमीशेजारी ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी गुण द्यायला सांगा. आकडे आणि नावं आधी तपासायला लावा. नंतर हाच प्रयोग एखाद्या रहस्यकथेवर करा. तिथे पहिल्या तीन वाक्यांत चोर काही सापडायचा नाही!