मोबाईलच्या आवाजाचे मोजमाप: व्यापाऱ्यांनी काय जाणावे?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचा कापडाचा कारोबार आज बहुतेक फोनवर चालतो. सुताचा भाव, ग्रे कापडाचे मीटर, पेमेंटची तारीख, सारे तोंडी ठरते. आवाज मध्येच तुटला की ‘सात’चे ‘साठ’ होतात आणि सौदा बिघडतो. एसटीडी बूथवरही ओरडून बोलावे लागे, पण तेथे मीटर तरी डोळ्यांसमोर असे. मोबाईल कंपनीचे मीटर आपल्याला दिसत नाही.

हे मीटर टॉवरवरच असते. किती कॉल लागले, किती मध्येच तुटले, याची नोंद यंत्र रात्रंदिवस आपोआप ठेवते. तो हिशोब कंपनीमार्फत ट्रायकडे, म्हणजे १९९७ साली स्थापन झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे जातो. शंभरात २ पेक्षा जास्त कॉल तुटू नयेत, असे प्रमाण होते. पण ती सरासरी सबंध सर्कलची, आणि महाराष्ट्र सर्कलमध्ये मुंबई व आसपासचा भाग सोडून बाकीचे राज्य आणि गोवाही येतो. एका गाठीत पाच ताके फाटके निघाले तरी साऱ्या गोदामाची सरासरी काढली तर माल उत्तमच दिसणार! असा माल कोणता व्यापारी उतरवून घेईल? म्हणून १ ऑक्टोबर २०१७ पासून ट्रायने नियम बदलला. टॉवरच्या एकेका भागाला सेल म्हणतात. ९० टक्के सेलनी ९० टक्के दिवस २ टक्क्यांच्या आत राहावे, असे ठरले.

तरीही एक फट उरते. टॉवर आणि फोन यांचा संपर्क तुटल्यावर कॉल किती वेळ धरून ठेवायचा, हे २जी यंत्रणेत एका आकड्याने ठरते. त्याला रेडिओ लिंक टाइमआउट म्हणतात. हा आकडा ४ पासून ६४ पर्यंत ठेवता येतो. ६४ ठेवला तर कॉल सुमारे ३० सेकंद तुटत नाही, फक्त मुका होतो. आपण ‘हॅलो, हॅलो’ करून शेवटी स्वतःच लाल बटण दाबतो. यंत्राच्या वहीत तो कॉल व्यवस्थित संपला, असे लिहिले जाते! २०१६ साली यावर आपल्या देशात बरीच चर्चा झाली.

मुका कॉल पकडायचा तर आवाजच तपासला पाहिजे. ग्रे कापड आपण काचेच्या टेबलावर, खाली दिवा लावून पाहतो, तसेच हे काम आहे. त्याला ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. गाडीत फोन आणि संगणक ठेवून शहरभर फिरतात. फोन आपोआप कॉल लावतात, एका टोकाला रेकॉर्ड केलेले वाक्य वाजते आणि दुसऱ्या टोकाला पोहोचलेला आवाज संगणक मूळ आवाजाशी ताडून पाहतो. १ ते ५ या पट्टीवर गुण मिळतात. पूर्वी असे गुण माणसे बसवून, ऐकवून घेत. २००१ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने यंत्राने गुण देण्याची एक पद्धत प्रमाण म्हणून मान्य केली. पण गाडी रस्त्यावरून जाते, आपल्या लूमच्या शेडमध्ये शिरत नाही. पत्र्याचे छप्पर रेडिओ लहरी अडवते, म्हणून बाहेर उत्तम रेंज आणि आत शुकशुकाट.

ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना रेंजचे नकाशे वेबसाइटवर देणे भाग पाडले. दुकान किंवा गोदाम भाड्याने घेण्यापूर्वी तो नकाशा जरूर पाहावा, पण आतल्या खोलीत उभे राहून एक कॉलही लावून पाहावा. शेडमध्ये ब्रॉडबँड असेल तर फोनमधील वायफाय कॉलिंग चालू करावे. आणि ठरलेला भाव त्याच क्षणी मेसेजने लिहून पाठवावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह अल-बकराच्या आयत २८२ मध्ये आहेच. आपण तो चिठ्ठी-पावतीत पाळतो आणि फोनवर विसरतो.

तुटलेल्या कॉलमागे १ रुपया भरपाई देण्याचा नियम जानेवारी २०१६ मध्ये आला होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये तो रद्द केला. त्यामुळे मार्ग तक्रारीचाच. आपल्याच मोबाईलवरून १९८ लावावा, जागा व वेळ नेमकी सांगावी, कॉल तुटला की मुका झाला तेही सांगावे आणि डॉकेट नंबर जपून ठेवावा. समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्याला फी पडत नाही.