रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणे खरेच : मूत्राशयाच्या जुनाट वेदनेविषयी

आपल्यातील एखादी कार्यकर्ती बैठकीतून दर अर्ध्या तासाने उठते. मोर्चाचे ठरले की "तिथे बाथरूमची सोय आहे का?" हा तिचा पहिला प्रश्न असतो. बसने लांब जायचे असेल तर ती आदल्या रात्रीपासून पाणी पिणे सोडते. आपण म्हणतो, "ही कारणे सांगते." काही महिन्यांनी ती यायचीच बंद होते.

कदाचित तिला इंटरस्टिशियल सिस्टायटिस असेल. डॉक्टर याला ब्लॅडर पेन सिंड्रोम असेही म्हणतात.

आजार काय आहे?

मूत्राशय भरू लागले की ओटीपोटात दुखते, दाब येतो, जळजळ होते. लघवी झाली की थोडा वेळ बरे वाटते, म्हणून दिवसरात्र पुन्हा पुन्हा जावे लागते. पाळीच्या आधी आणि शरीरसंबंधाच्या वेळी त्रास वाढू शकतो. रुग्णांमध्ये स्त्रिया जास्त, पण पुरुषांनाही हा आजार होतो. त्यांचे दुखणे बरेचदा प्रोस्टेटच्या नावावर खपते.

लक्षणे लघवीच्या इन्फेक्शनसारखीच असल्याने अँटिबायोटिकचे कोर्स सुरू होतात. पण युरिन कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत, सोनोग्राफीही ठीक येते. मग "टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवले जाते. घरचेही तेच म्हणू लागतात.

हे मनाचे खेळ नाहीत. बाल्टिमोरचे डॉ. गाय हनर यांनी १९१५ साली अशा रुग्णांच्या मूत्राशयातील व्रणांचे वर्णन केले होते. मात्र बहुतेक रुग्णांत असे व्रण नसतात. मूत्राशयाचे आतले संरक्षक अस्तर कमजोर होणे आणि तिथल्या नसा अतिसंवेदनशील होणे, ही कारणे अभ्यासक मांडतात. ठाम कारण अजून सापडलेले नाही. हा आजार संसर्गजन्य नाही आणि कॅन्सरही नाही.

काय करावे?

त्रास सहा आठवड्यांहून जास्त असेल आणि कल्चर स्वच्छ येत असेल, तर युरोलॉजिस्टला दाखवा. या आजाराची एकच अशी तपासणी नाही. मुतखडा, टीबी, कॅन्सर नाही याची आधी खात्री करावी लागते. लघवीतून रक्त आले तर थांबू नका. कल्चरमध्ये जंतू नसताना अँटिबायोटिक घेत राहू नका.

किती वाजता लघवी झाली, काय खाल्ले, कधी दुखले, हे काही दिवस वहीत लिहा. चहा, कॉफी, मिरची, टोमॅटो, लिंबूवर्गीय फळे यांनी अनेकांचा त्रास वाढतो. एकेक पदार्थ बंद करून पाहा. पाणी मात्र तोडू नका, घट्ट लघवीने जळजळ वाढते. ओटीपोट शेकणे, फिजिओथेरपी, दोन फेऱ्यांमधले अंतर हळूहळू वाढवणे, गोळ्या, मूत्राशयात औषध सोडणे असे उपाय आहेत. कीगलचे व्यायाम स्वतःच्या मनाने करू नका. घट्ट झालेले स्नायू त्याने आणखी आवळतात. आजार पूर्ण जाईलच असे नाही, पण आटोक्यात ठेवून काम, शिक्षण, चळवळ सगळे करता येते.

आपली जबाबदारी

मुंबईत स्त्रियांनी "राइट टू पी" मोहीम चालवली, कारण पुरुषांना मोफत मुतारी आणि बाईला मात्र पैसे, असा व्यवहार होता. हा प्रश्न सन्मानाचा आहे, तसाच आरोग्याचाही आहे. म्हणून शिबिर, सभा, सहल ठरवताना स्वच्छतागृह आधी बघा. बस दर दीड-दोन तासांनी थांबवा. कोणी उठून गेले तर मागे वळून बघू नका. आणि कोणी "दुखतंय" म्हणाले, तर रिपोर्ट मागण्याआधी तिच्यावर विश्वास ठेवा.