इलेक्ट्रिक सुपरचार्जर: घ्यावा का?

ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणारा 'इलेक्ट्रिक सुपरचार्जर' हातात घेऊन बघा. प्लॅस्टिकचा पंखा, दोन वायरी, बस्स!

साधा हिशेब करू. १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला साधारण ३६०० लिटर हवा ओढतं. तिला अर्धा बार दाब द्यायचा तर चारेक किलोवॉट लागतात. १२ व्होल्टवर हे झाले तीनशेहून जास्त अँपिअर! बिचारा अल्टरनेटर शंभरच्या आसपासच दमतो. उलट हा पंखा इनटेकमध्ये अडथळाच होतो.

मग तंत्र खोटं का? अजिबात नाही. २०१६ च्या ऑडी एसक्यू७ मध्ये ७ किलोवॉटचा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर आहे. पण त्यासाठी वेगळी ४८ व्होल्टची यंत्रणा, आणि कामही फक्त टर्बो जागा होईपर्यंतचं.

त्या पंख्याच्या पैशांत एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बदला.